१३ निवडणुका आणि फक्त ४ खासदार : नकाशावरून गेलेला राजापूर मतदारसंघ आणि त्याचे बॅरिस्टर नाथ पै

आज महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ जागांची यादी काढली तर त्यात राजापूर सापडणार नाही. राजापूर आहे, राजापूरची गंगा आहे, विधानसभेचा राजापूर मतदारसंघही आहे. पण लोकसभेचा राजापूर २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गेला आणि २००९ च्या निवडणुकीपासून त्याच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला.

मतदारसंघ येतात, मतदारसंघ जातात. मग याच एका मतदारसंघाची गोष्ट का सांगायची?

कारण १९५७ ते २००४ या काळात राजापूरने लोकसभेच्या १३ निवडणुका पाहिल्या आणि एवढ्या निवडणुकांत मिळून खासदार फक्त चार निवडले. पहिले बॅरिस्टर नाथ पै, ३ वेळा. मग प्राध्यापक मधु दंडवते, ५ वेळा. नंतर सुधीर सावंत एकदा आणि शेवटी सुरेश प्रभू ४ वेळा. या चौघांपैकी दोघं पुढे देशाचे रेल्वेमंत्री झाले. तेही अशा भागाचे, जिथे १९९० च्या दशकापर्यंत रेल्वेचा रूळच नव्हता.

या सगळ्याची सुरुवात ज्यांच्यापासून झाली, ते नाथ पै वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. ते कधी मंत्री झाले नाहीत, कधी सत्ताधारी बाकावर बसले नाहीत. तरीही कोकणात आजही त्यांचं नाव काढलं की जुनी माणसं जरा सावरून बसतात. का, ते समजून घ्यायचं तर आधी वेंगुर्ल्याला जावं लागतं.

वेंगुर्ल्याचा मुलगा, बेळगावचा विद्यार्थी

पंढरीनाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. वेंगुर्ला म्हणजे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातलं दक्षिणेकडचं बंदर. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती. पुढे इंग्रजांच्या काळातही बंदर गजबजलेलं असायचं. इथून घाट चढला की बेळगाव. त्यामुळे या भागातल्या माणसांचं शिक्षण, व्यापार, सोयरीक असं बरंच काही बेळगावशी बांधलेलं. नाथ पैंची जडणघडणही बेळगावातच झाली. वेंगुर्ला आणि बेळगाव ही दोन गावं त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिली, हे लक्षात ठेवा. गोष्ट परत तिथे येणार आहे.

१९४२ ची चळवळ सुरू झाली तेव्हा ते विशीत होते. चळवळीत उतरले, तुरुंगात गेले. याच काळात समाजवादी विचारांशी त्यांची गाठ पडली आणि ती कायमची राहिली.

नंतर ते कायदा शिकायला इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर झाले. पण तिथे फक्त अभ्यास केला नाही. युरोप तेव्हा महायुद्धातून नुकताच बाहेर पडत होता. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नाथ पै काम करू लागले आणि पन्नाशीच्या दशकात त्या संघटनेचे अध्यक्षही झाले. आशियातल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातला तरुण युरोपातल्या संघटनेच्या प्रमुखपदी बसणं ही तेव्हा साधी बाब नव्हती. लग्नही त्यांनी ऑस्ट्रियातल्या क्रिस्टल यांच्याशी केलं.

बॅरिस्टरची पदवी, परदेशातल्या ओळखी आणि फर्डं इंग्रजी हाताशी असताना मुंबईत किंवा लंडनमध्ये वकिली करून आरामात जगता आलं असतं. त्यांनी मात्र कोकणात परत येऊन प्रजा समाजवादी पक्षाकडून निवडणूक लढवायचं ठरवलं.

राजापूर मतदारसंघ नेमका होता तरी कसा?

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन लोकसभा मतदारसंघ होते आणि दोन्ही काँग्रेसकडे गेले. १९५७ मध्ये नव्याने आखणी झाली आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागाला राजापूर हे नाव मिळालं. नाव राजापूरचं असलं तरी मतदारसंघाचा मोठा भाग होता मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी हा. म्हणजे १ मे १९८१ ला ज्याचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तो मुलूख.

तेव्हाचा हा भाग डोळ्यासमोर आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये खाड्या आणि डोंगर. रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर बोट, नाहीतर घाट चढून लांबचा वळसा. बोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्यावर यायची. पावसाळा लागला की बोटी बंद. शेती भाताची, तीही तुकड्यातुकड्यांची. त्यामुळे घरातला एक तरी कर्ता माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी पोस्टात. दर महिन्याला तिकडून येणाऱ्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटायची. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी परतायचे, तेवढेच दिवस गाव भरलेलं.

अशा मतदारसंघात पैशाच्या जोरावर निवडणूक लढवणं शक्य नव्हतं, कारण पैसा कुणाकडेच नव्हता. पण इथे वाचणारा माणूस होता, सभा ऐकणारा माणूस होता आणि मुंबईतल्या कामगार चळवळीची हवा घेऊन येणारा चाकरमानी होता. समाजवाद्यांना जमीन इथे मिळाली.

१९५७ : संयुक्त महाराष्ट्राची लाट

१९५७ ची निवडणूक आली तेव्हा महाराष्ट्र पेटलेला होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, ही मागणी डावलून केंद्राने गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र ठेवून द्वैभाषिक राज्य केलं होतं. त्याविरोधात विरोधी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले. प्रजा समाजवादी पक्षही त्यात होता. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला आणि राजापुरातून ३४ वर्षांचे नाथ पै लोकसभेत पोचले.

आता लाटेवर निवडून येणारे खूप असतात, खरी परीक्षा लाट ओसरल्यावर असते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, मागणी पूर्ण झाली आणि समितीतले पक्ष एकमेकांपासून दूर गेले. १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या जागा पुन्हा काँग्रेसकडे आल्या. राजापूरने मात्र नाथ पैंनाच परत पाठवलं. १९६७ मध्ये तिसऱ्यांदा.

१९ खासदारांच्या पक्षातला आवाज

दिल्लीतली परिस्थिती काय होती? १९५७ च्या लोकसभेत काँग्रेसचे ३७१ खासदार होते आणि प्रजा समाजवादी पक्षाचे १९. १९६२ मध्ये ते १२ झाले, १९६७ मध्ये १३. म्हणजे मतदानात सरकारला हरवायची शक्यता शून्य. विरोधी खासदाराच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे सभागृहात उभं राहून बोलणं.

नाथ पै बोलायचे. इंग्रजीत बोलायचे, मराठीत बोलायचे आणि तयारी करून बोलायचे. पंडित नेहरू पंतप्रधान असताना नाथ पैंचं भाषण लक्ष देऊन ऐकायचे, असं त्या काळातले लोक सांगत आले आहेत. परराष्ट्र धोरण हा त्यांचा खास विषय. चीनने तिबेटमध्ये जे केलं त्यावर सरकारने कडक भूमिका घ्यावी, हा प्रजा समाजवादी पक्षाचा आग्रह होता आणि तो मांडणाऱ्यांत नाथ पै पुढे होते. १९६२ च्या युद्धानंतर त्या इशाऱ्यांचा अर्थ सगळ्यांना कळला.

दुसरा विषय गोव्याचा. तो तर त्यांच्या दाराशीच होता. सावंतवाडीच्या पुढे बांदा आणि त्यापुढे पोर्तुगीजांची हद्द. वेंगुर्ल्या-सावंतवाडीतल्या कित्येकांचे नातेवाईक पलीकडे. १९५५ मध्ये गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात सत्याग्रही मारले गेले आणि हद्द बंद झाली. दिल्लीतल्या अनेकांसाठी गोवा हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्न होता, राजापूरच्या मतदारासाठी तो शेजारच्या घराचा होता. संसदेत नाथ पै तो लावून धरत राहिले. अखेर १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

तिसरा विषय कोकणच्या रेल्वेचा. बोट पावसात बंद, रस्ते वाईट, मग माणसाने जायचं कसं आणि इथे उद्योग यायचे कसे, हा साधा प्रश्न होता. नाथ पै कोकण रेल्वेची मागणी मांडत राहिले. त्यांच्या हयातीत ती पूर्ण झाली नाही.

एका खासगी विधेयकाने अख्खी संसद कामाला लावली

नाथ पैंचं नाव देशाच्या इतिहासात ज्या एका गोष्टीमुळे कायमचं नोंदलं गेलं, ती जरा कायद्याची आहे. सोपी करून सांगतो.

पंजाबात जालंधरचं गोलकनाथ नावाचं कुटुंब होतं. त्यांची जमीन मोठी होती आणि कमाल जमीनधारणेच्या कायद्यात त्यातली बरीचशी जाणार होती. त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. मालमत्ता हा तेव्हा मूलभूत अधिकार होता. २७ फेब्रुवारी १९६७ ला ११ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने निकाल दिला की, संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत अधिकार कमी करता येणार नाहीत. आधी झालेल्या दुरुस्त्या न्यायालयाने तशाच ठेवल्या, पण यापुढचा रस्ता बंद झाला.

याचा कोकणाशी काय संबंध? भरपूर. कोकणात पिढ्यान् पिढ्या खोती होती. कसणारा एक आणि जमिनीचा मालक दुसरा. स्वातंत्र्यानंतर खोती रद्द झाली, कूळ कायदा आला, कसेल त्याची जमीन व्हायला लागली. असे कायदे कोर्टात टिकावेत म्हणून संसदेने आधी घटनादुरुस्त्या केल्या होत्या. आता न्यायालय म्हणत होतं की पुढे असं करता येणार नाही.

निकाल लागून दीड महिनाही झाला नव्हता. ७ एप्रिल १९६७ ला नाथ पैंनी लोकसभेत घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं विधेयक. त्यात म्हणणं थोडक्यात असं होतं की, राज्यघटनेचा कोणताही भाग बदलायचा अधिकार संसदेला आहे, मूलभूत अधिकारांचा भागही त्यात आला.

अशी विधेयकं बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी मांडली जातात, थोडी चर्चा होते आणि विसरली जातात. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झालेत आणि त्यातलं शेवटचं १९७० मधलं. पण नाथ पैंच्या विधेयकाने सगळ्यांना भूमिका घ्यायला लावली. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, कायदेतज्ज्ञ त्यावर बोलू लागले, वर्तमानपत्रांत वाद रंगला.

विरोधही जोरदार झाला. स्वतंत्र पक्षासारख्या पक्षांचा आक्षेप होता की, आज जमिनीसाठी मूलभूत अधिकारांना हात लावाल, उद्या एखादं सरकार भाषण स्वातंत्र्याला लावेल, मग थांबवणार कोण? नाथ पैंची बाजू अशी की, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेवर विश्वास ठेवायचा नसेल तर लोकशाहीचा पाया काय राहिला? घटना हा लोकांचा दस्तऐवज आहे आणि काळाप्रमाणे तो बदलायचा हक्क लोकांच्या प्रतिनिधींकडेच असला पाहिजे.

विधेयक मंजूर झालं नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि ते तिथेच संपलं. पण १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. विरोधी बाकावरच्या, १३ खासदारांच्या पक्षातल्या माणसाने जे सुचवलं, ते सरकारला करावं लागलं. ते पाहायला मात्र नाथ पै नव्हते.

१७ जानेवारी १९७१, बेळगाव

आता परत बेळगावकडे येऊ.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी जानेवारीत, या प्रश्नावरच्या आंदोलनात बेळगावात गोळीबार होऊन माणसं मेली होती. तेव्हापासून सीमाभागात १७ जानेवारी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं, केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं तिकडे जावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं, अशी शिफारस त्यात होती. महाराष्ट्राने ती फेटाळली. नाथ पैंनी संसदेत आणि संसदेबाहेर या अहवालावर टीका केली.

बेळगाव त्यांच्या मतदारसंघात नव्हतं. तिथल्या एकाही माणसाचं मत त्यांना मिळणार नव्हतं. उलट निवडणूक तोंडावर होती, लोकसभा बरखास्त झालेली होती आणि मार्चमध्ये मतदान होणार होतं. शिवाय त्यांना हृदयविकार होता. अशा वेळी बाकी कुठलाही उमेदवार आपल्या मतदारसंघात राहिला असता.

नाथ पै १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनाच्या सभेसाठी बेळगावला गेले आणि सीमाप्रश्नावर बोलले. काही तासांतच, १८ जानेवारीला, हृदयविकाराने त्यांचं बेळगावातच निधन झालं.

राजापूरने पुढे काय केलं?

निवडणुकीला जेमतेम दीड-दोन महिने उरले होते. पक्षाने उमेदवारी दिली प्राध्यापक मधु दंडवतेंना. दंडवते मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. म्हणजे कोकणातले नव्हते. वर १९७१ ची निवडणूक म्हणजे इंदिरा लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिनांत एक होती राजापूर. नाथ पैंच्या मतदारांनी त्यांच्या पक्षाची जागा राखली.

आणि इथे गोष्टीला एक विचित्र वळण लागतं.

नाथ पैंना संसदेवर पूर्ण विश्वास होता. २४ व्या दुरुस्तीने संसदेला तो अधिकार परत मिळाला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली, पण एक अट घातली. संसदेला घटनेचा कुठलाही भाग बदलता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. निकाल ७ विरुद्ध ६ असा एका मताने लागला.

दोन वर्षांत आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली, विरोधक तुरुंगात गेले. स्वतंत्र पक्षाच्या लोकांनी जी भीती बोलून दाखवली होती, तसंच काहीसं घडत होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर संसदेचा अधिकार अमर्याद असल्याचं लिहूनच टाकलं. आणि तुरुंगात गेलेल्या खासदारांमध्ये राजापूरचे खासदारही होते. दंडवतेंना अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणींसोबत बंगळुरूच्या तुरुंगात ठेवलं होतं.

म्हणजे एकाच मतदारसंघाच्या एका खासदाराने संसदेला सर्वोच्च अधिकार द्या म्हणून लढा दिला आणि त्याच्या वारसाने तो अधिकार हाताबाहेर गेल्यावर काय होतं ते भोगलं. मग नाथ पै चुकले होते का? त्यांच्या विधेयकामागे जमीन कसणारा माणूस होता आणि त्या माणसाचा प्रश्न खरा होता. पण संसद नेहमी चांगल्या हातात राहील, यावर त्यांनी जो भरवसा टाकला, तो काही वर्षांतच खोटा ठरला. दोन्ही गोष्टी मान्य कराव्या लागतात. आज न्यायालय मोठं की संसद हा वाद पेटतो तेव्हा दोन्ही बाजूंचे मुद्दे ऐकून पाहा. बरेचसे १९६७ च्या त्या चर्चेतलेच असतात.

१९७७ मध्ये राजापूरने दंडवतेंना पुन्हा निवडून दिलं आणि ते जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांच्या जागी गादीचे बर्थ आले ते त्यांच्या काळात. त्याच सरकारने ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत अधिकारांतून काढला, म्हणजे गोलकनाथ खटल्याचं मूळच काढून टाकलं. आपटा ते रोहा मार्गाचं कामही याच सुमारास सुरू झालं. १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे ४०० च्या वर खासदार आले, तेव्हाही राजापूर दंडवतेंकडेच राहिलं. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. नाथ पै जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.

१९९१ मध्ये ३४ वर्षांची समाजवादी साखळी तुटली आणि काँग्रेसकडून लष्करातले माजी अधिकारी सुधीर सावंत निवडून आले. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू. ते वाजपेयी सरकारात ऊर्जामंत्री झाले आणि पुढे मोदी सरकारात रेल्वेमंत्री, पण तोपर्यंत राजापूर मतदारसंघ उरला नव्हता.

मतदारसंघ गेला कशामुळे?

उत्तर जनगणनेत आहे. प्रत्येक राज्याच्या लोकसभेच्या जागा १९७६ पासून गोठवलेल्या आहेत, महाराष्ट्राच्या ४८ च राहिल्या. पण राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखायच्या होत्या आणि प्रत्येक मतदारसंघात साधारण सारखी लोकसंख्या हवी होती.

सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये होती ८ लाख ६८ हजार. लोकसभेच्या एका मतदारसंघाला याच्या दुप्पटीहून जास्त माणसं लागतात. त्यामुळे राजापूर आणि रत्नागिरी हे दोन मतदारसंघ मोडून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असा एकच झाला आणि रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर भाग रायगडला जोडला गेला. दुसरीकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि ठाणे अशा दोनच जागा होत्या, त्यांच्या जागी पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे अशा चार झाल्या.

कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात वाढलेल्या या माणसांत कोकणातून गेलेले किती असतील, हे कुठल्याही कोकणी माणसाला विचारा. गावातला माणूस नोकरीसाठी गेला, तिकडेच त्याचं घर झालं आणि त्याचं मत तिकडच्या यादीत गेलं. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षाही कमी भरली. कोकणात रेल्वे आली, पण तिच्यामागून जो रोजगार यायला हवा होता तो पुरेसा आला नाही.

हा विषय आजचाही आहे. जागांची राज्यवार वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर पुन्हा नकाशे निघतील आणि माणसं कमी झालेल्या भागांचा आवाज किती राहणार, हा प्रश्न पुन्हा येईल. सीमाप्रश्नही तसाच आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, पण बेळगाव आजही कर्नाटकातच आहे आणि दर १७ जानेवारीला तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं.

नाथ पैंच्या नावाचं सेवांगण मालवणात आहे, बेळगावात त्यांच्या नावाचा चौक आहे. एक गाव त्यांच्या मतदारसंघातलं, दुसरं मतदारसंघाबाहेरचं. पुढच्या वेळी तुमचे खासदार फक्त आपल्या वॉर्डातल्या रस्त्याचं उद्घाटन करताना दिसले, तर हा राजापूरचा खासदार आठवा. कधीतरी मालवणला फिरायला गेलात तर किल्ला आणि स्कूबा उरकून थोडा वेळ सेवांगणातही जाऊन या.